ठरावाप्रमाणे प्रेमलाताई घरात आहेत

बिबवेवाडीच्या चढावर सुखनिवास नावाची एक सोसायटी आहे. ज्याने हे नाव ठेवलं तो तिथे राहत नाही. पुण्यातल्या इतर सोसायट्यांत असतं ते सगळं तिथेही आहे: बंद लिफ्ट, चालू भांडणं आणि एका भिंतीवर मावणार नाहीत इतक्या सूचना. जे इतर कुठे नाही ते फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताच्या पहिल्या दाराआड आहे. तिथे प्रेमला हिंमतराव रणपिसे राहतात, आणि त्यांच्या घरात एका लाकडी फळीवर, ओळीने ठोकलेल्या खिळ्यांना, जवळजवळ सगळ्या सोसायटीच्या घरांच्या किल्ल्या टांगलेल्या असतात.

प्रेमलाताईंचा जन्म खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात, नवरा दारूगोळा कारखान्यात, आणि हिंमतराव ऐन चाळिशीत गेल्यावर त्यांच्या जागी त्या स्वतःही दारूगोळा कारखान्यात. तिथे काड्यापेटी फाटकावर ठेवून आत जायचं, आतलं बाहेर बोलायचं नाही आणि बाहेरचं आत आणायचं नाही, हा शिरस्ता. तो त्यांच्या अंगात असा मुरला की निवृत्त होऊन क्वार्टर सोडून त्या सुखनिवासमध्ये राहायला आल्या तरी सुटला नाही. मुलगी चैताली नोकरीसाठी बंगळुरूला गेली. घरात त्या एकट्या, भिंतीवर बाबासाहेब, कोनाड्यात बुद्धमूर्ती, आणि खिडकीबाहेर कुंडीत कढीपत्ता.

किल्ल्यांची सुरुवात तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्णिमा ओसवालने केली. गॅसवाला यायचा होता आणि तिला बाजारात जायचं होतं. "ताई, दहा मिनिटं ठेवा हं," म्हणून ती किल्ली देऊन गेली. त्या दहा मिनिटांना आता कितीतरी वर्षं होऊन गेली. मग समोरच्या कुटुंबाने मुलाची शाळा सुटते म्हणून किल्ली ठेवली, दुसऱ्या मजल्याने कामवाली येते म्हणून, चौथ्या मजल्याने बाकीच्यांनी ठेवली म्हणून. त्यात घरात पाऊल न टाकता उंबऱ्यावरूनच किल्ली पुढे करणारेही काही होते. का, ते प्रेमलाताईंना चांगलं कळायचं. खडकीतल्या चाळीपासून त्या हा उंबरा ओळखून होत्या. पण त्याही किल्लीला त्या खिळा द्यायच्या.

सुखनिवासमध्ये कुणाचं कुणाशी पटत नसे, पण प्रेमलाताईंशी सगळ्यांचं पटे. कारण प्रेमलाताई कुणाला काही विचारत नसत, कुणाचं काही कुणाला सांगत नसत, आणि कुणालाही नाही म्हणत नसत. लोक म्हणायचे, काय स्वभाव आहे! खुद्द प्रेमलाताईंना मात्र ती आपली खोड वाटे. त्या नाही म्हणायला तोंड उघडत, आणि तोंडातून निघे, "ठेवा की."

असं सगळं बरं चाललं होतं. पण बरं चाललेलं फार दिवस चालू द्यायचं नाही, असा काही माणसांचा पण असतो. सुखनिवासमध्ये ते माणूस म्हणजे दत्तप्रसाद खांबेटे. हे बँकेत तपासनीस होते. दुसऱ्यांच्या शाखांमध्ये जाऊन चुका काढण्यात यांचं आयुष्य सुखात गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर चुकांचा पुरवठा एकदम थांबल्यामुळे त्यांना करमत नव्हतं. अशात एका कडक उन्हाळ्यात, गच्चीवर वाळत घातलेल्या सुनीती देवस्थळींच्या कुरडया चोरीला गेल्या.

पोलिसांना बोलावण्यात आलं. चौकीतून हवालदार समाधान लोंढे आले. मूळचे उरुळीकडचे, गस्तीच्या मोटारसायकलवर दिवसभर ऊन खाऊन रापलेले, आणि स्वभावाने गरीब. त्यांनी गच्ची बघितली, आभाळ बघितलं, आणि म्हणाले, "कावळा असंल."

"कावळा ताटासकट नेतो का?" खांबेट्यांनी विचारलं.

"मोठा असंल," लोंढे म्हणाले. पण खांबेट्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी लगेच चूक सुधारली. "साहेब, असं करा. तुम्ही तुमच्यातली चार माणसं घेऊन पथक करा. आमी हायच की मदतीला."

बोलून गेलं माणूस. सुखनिवास जागरूक नागरिक पथक त्याच संध्याकाळी स्थापन झालं आणि अध्यक्षपदी दत्तप्रसाद खांबेटे एकमताने निवडून आले. एकमताने, कारण बाकीचे मालिका बघत होते.

पथकाने आधी शिट्ट्या घेतल्या. एक शिट्टी म्हणजे संशयित, दोन म्हणजे मदतीला या, तीन म्हणजे चोर. रचना निर्दोष होती. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकाची वेळ झाली, आणि चारी मजल्यांवरचे कुकर एकामागून एक बोलू लागले. पथक जिना चढलं, जिना उतरलं, गच्चीवर गेलं, पंपाच्या खोलीत शिरलं. प्रत्येक घरात चोर होता आणि प्रत्येक चोर तीन शिट्ट्यांत शिजत होता. चौथ्या मजल्यावर धापा टाकत खांबेट्यांनी एका दारावर लाथ मारली, तेव्हा आतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "वरण-भात जेवून जाता का?"

यावर उपाय म्हणून खांबेट्यांनी शिट्ट्या बदलल्या नाहीत. त्यांनी कुकर बदलले. यापुढे सोसायटीत कुणीही तीन शिट्ट्या करू नयेत. दोन कराव्यात किंवा चार कराव्यात. पंधरवडाभर अर्ध्या घरांत डाळ कच्ची राहिली आणि अर्ध्या घरांत तिचं पीठ झालं. पण चोर मात्र आला नाही, हे खांबेटे दर सभेत सांगायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग गणपती झाले, दसरा जवळ आला, आणि यंदा त्याला जोडून सुट्ट्या आल्या. ज्याला त्याला गावी, कोकणात, देवदर्शनाला जायचं होतं. लोंढे मार्गदर्शनाला आले आणि चौकीतून जे सगळीकडे सांगतात तेच त्यांनी इथेही सांगितलं: घर बंद करून जाताना किल्ली चपलेच्या कपाटात, कुंडीखाली, मीटरच्या खोक्यात ठेवू नका. एखाद्या विश्वासू माणसाकडे द्या.

सगळ्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून ज्यांच्या किल्ल्या आधी प्रेमलाताईंकडे नव्हत्या, त्यांच्याही आल्या. प्रेमलाताईंनी फळीला आणखी खिळे ठोकले.

खांबेट्यांनी सोसायटीचा एक मोठा नकाशा काढला. ज्या घराची किल्ली जिथे ठेवलेली असेल तिथे लाल टिकली लावायची, म्हणजे धोका कुठे आहे ते एका नजरेत दिसेल, अशी त्यांची कल्पना. टिकल्या लावून झाल्या. सगळा नकाशा पांढरा आणि डाव्या कोपऱ्यात एकच लाल डाग, कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखा. खांबेटे मागे सरले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं.

"लोंढे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "या सोसायटीला जर कुणापासून धोका असेल, तर तो प्रेमलाताईंपासून आहे."

"अवो, त्या गरीब बाईनं काय केलं?"

"केलं काहीच नाही. पण मी चोर असतो तर एकाच घरात शिरलो असतो. अतिसंवेदनशील केंद्र आहे हे. इथे चोवीस तास पहारा हवा."

त्याच दिवशी प्रेमलाताईंच्या दाराबाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची आली. खुर्चीत पाळीपाळीने पथकाचा एकेक सदस्य येऊन बसू लागला. कधी खांबेटे, कधी सुनीतीबाई विणकाम घेऊन, कधी पहिल्या मजल्यावरचा चेतन. हा घरून आयटीची नोकरी करायचा, तो लॅपटॉप घेऊनच बसे आणि कुणाला तरी इंग्रजीत "यू आर नॉट ऑडिबल" असं सांगत राही. दर पाळीला पथकाच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश पडे. "प्रेमलाताई घरात आहेत." "प्रेमलाताई दळण टाकायला बाहेर. सोबत मी." "प्रेमलाताई परत. दळण बारीक नाही, तक्रार केली आहे." हा गट प्रेमलाताईंच्याही फोनवर होता, त्यामुळे आपण कुठे आहोत ते त्यांना वेळच्या वेळी कळायचं.

एवढा बंदोबस्त मंत्र्याच्या नशिबीही नसतो. मासळीवाली फाटकातच अडवली गेली. बोंबील आधी तपासायला हवेत, असं सुनीतीबाईंचं म्हणणं पडलं, आणि तपासताना त्यांना स्वतःलाच ओकारी आली. विहारातल्या बायका दर रविवारी वंदनेला न्यायला येत. त्यांना खुर्चीतून सवाल झाला, "काम काय?" त्यातल्या एकीने सांगितलं, "शांती मिळवायला चाललोय, तुम्हीही चला." त्यानंतर त्या आल्या नाहीत, फोन करू लागल्या.

आणि दारात बसलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही, हे तर प्रेमलाताईंच्या हातून होणंच शक्य नव्हतं. सकाळच्या पाळीला चहा आणि पोहे, दुपारच्या पाळीला चहा, संध्याकाळच्या पाळीला चहा आणि काहीतरी तळलेलं. उंबऱ्यावरून किल्ली देणारेही आता बशीत ओतून चहा पीत होते, हे प्रेमलाताईंनी पाहिलं आणि मनातल्या मनात हसून सोडून दिलं. दिवसभर गॅस बंद म्हणून होत नसे. चोर परवडला, असं त्यांना एकदा वाटून गेलं. तो निदान एकदाच येतो.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण दसऱ्याला त्यांना नागपूरला जायचं होतं.

त्यांची थोरली बहीण सोजरबाई नागपुरात दिलेली. छप्पन्न साली वडील खडकीहून दीक्षेला गेले, तेव्हा तिला बरोबर घेऊन गेले होते. प्रेमलाताई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. पुढे प्रेमलाताई कळत्या झाल्यापासून दर विजयादशमीला दोघी बहिणी हातात हात घालून दीक्षाभूमीवर जात. लग्नं झाली, नवरे गेले, पोरं पांगली, हे मात्र चुकलं नाही. यंदा सोजरबाईंना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं आणि गुडघे तर केव्हाचेच संपावर होते. त्यांचा फोन आला.

"प्रेमे, तू येऊन राहिली का नाही?"

"येते ना. तिकीट काढलंय केव्हाच."

"नक्की ये बाई. पुढच्या सालचं मी काही सांगत नाही."

सोजरबाई असं कधी बोलत नसत. प्रेमलाताईंनी फोन ठेवला आणि त्यांना रडू आलं. बाहेर चेतन बसलेला होता म्हणून त्यांनी नळ सोडला.

संध्याकाळी त्यांनी खांबेट्यांना सांगितलं. खांबेट्यांनी ताबडतोब सभा बोलावली, आणि सुरक्षेच्या कारणास्तव ती प्रेमलाताईंच्याच घरात घेतली. लोंढेही आले. प्रश्न एवढाच होता, की प्रेमलाताई गेल्या तर किल्ल्यांचं काय करायचं.

"खांबेट्यांकडे द्या की," प्रेमलाताई म्हणाल्या.

 मग सुनीतीबाई म्हणाल्या, "नको. ते फ्रिज उघडून बघतील."

"मी?"

"बघाल, आणि त्यात काय असायला नको होतं ते सोसायटीच्या फळ्यावर लिहाल."

"मग तुमच्याकडे ठेवू," खांबेटे म्हणाले.

"यांच्याकडे?" पूर्णिमा ओसवाल म्हणाली. "कुरडया कुठे गेल्या तेच यांना अजून सांगता येत नाही."

चेतनचं नाव निघालं, तर चेतनच्या घरी मित्र येतात. ओसवालांचं निघालं, तर ओसवाल स्वतःच गावाला जाणार. एकेक नाव निघे आणि एकेक घर हळूच मान हलवी. वर्षानुवर्षं एका जिन्याने चढणारी-उतरणारी ही माणसं, आणि एकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं.

"चौकीत ठेवा," कुणीतरी म्हणालं.

लोंढे घाईघाईने उठले. "चौकीत नगं. चौकीत वस्तू जमा झाली की तो मुद्देमाल. मग सोडवायला कोर्टाचा हुकूम लागंल. तुमचं घर, तुमची किल्ली, आन् तुमी तारखेला उभं."

"बँकेच्या लॉकरमध्ये," चेतन म्हणाला. ही सूचना सर्वांना पसंत पडली. पण मग लॉकरची किल्ली कुणाकडे ठेवायची, असा प्रश्न आला, आणि सगळे एका आवाजात म्हणाले, "प्रेमलाताईंकडे."

प्रेमलाताई तेव्हा आत चहा टाकत होत्या. ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या तोवर ठराव होऊन गेला होता. सर्व कुटुंबं परत येईपर्यंत प्रेमलाताईंनी घरात राहावं, व पथकाने तशी खातरी करावी. सूचक खांबेटे, अनुमोदक देवस्थळी.

"पण माझं तिकीट," प्रेमलाताई म्हणाल्या. "माझी बहीण..."

"ताई, ठराव झाला आता," खांबेटे प्रेमाने म्हणाले. "बदल करायचा तर पुढच्या सभेत. आलं घातलंत ना चहात?"

सगळ्यांनी चहा घेतला. जाता जाता ओसवालबाईने प्रेमलाताईंचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त जातो हो." ती मनापासूनच म्हणाली. त्यामुळे तर प्रेमलाताईंना जास्त वाईट वाटलं. कपबशा विसळताना त्यांनी दहा वेळा ठरवलं की बहिणीला नाही म्हणून कळवायचं. नाही म्हणायला फोन उचलला, आणि तोंडातून निघालं, "निघतेय गं उद्या."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या खोडीचा उपयोग झाला.

चोरून जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी गटावर सरळ लिहिलं: "मी उद्या दुपारी नागपूरला जात आहे. बहीण थकली आहे." त्याखाली कुणीतरी फुलांचं चित्र टाकलं, त्याखाली चेतनने अंगठा दाखवला, त्याखाली लिफ्टच्या दुरुस्तीवरून भांडण सुरू झालं, आणि ते मध्यरात्रीपर्यंत चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीत स्वतः खांबेटे होते. पण जेवण झालं होतं, आणि पुण्यात दुपारी जेवण झाल्यावर जागं राहणं हे कुठल्याही पथकाच्या घटनेत बसत नाही. ते गाढ झोपले होते. शिट्टी तोंडातच होती आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक वाजत होती. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. कुणी धावून आलं नाही; सगळी सोसायटी झोपली होती. प्रेमलाताईंनी बॅग बाहेर ठेवली, दाराला कुलूप लावलं, आणि खांबेट्यांची मान अवघडली होती म्हणून आतून आणलेली उशी त्यांच्या डोक्यामागे सरकवली. खांबेट्यांनी "अं" केलं आणि पुन्हा शिट्टी सुरू केली.

फाटकाशी लोंढे मोटारसायकल लावत होते. रोज एकदा प्रेमलाताईंच्या दाराशी येऊन जाणं आता त्यांच्या गस्तीत घातलं गेलं होतं.

"मावशी, निघाला? ठराव?"

"बहीण आहे रे माझी," प्रेमलाताई म्हणाल्या. याहून जास्त काही त्यांना सुचलं नाही.

लोंढ्यांनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा प्रेमलाताईंकडे. "बसा मागं. ठेसनापर्यंत सोडतो. बॅग द्या हिकडं." मग त्यांना आठवलं. "आन् तुमची किल्ली कुणाकडं ठेवली?"

प्रेमलाताई थांबल्या. मुठीत कुलपाची किल्ली होती. ती कुणाकडे द्यायची? इतक्या वर्षांत ही वेळच आली नव्हती. नागपूरला जाताना दरवर्षी त्या किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायच्या, आणि कुणी आमच्याकडे ठेवा म्हणालं नव्हतं. एवढ्या घरांच्या किल्ल्या त्या ओळखत होत्या, पण आपली एक किल्ली घेऊन कुणाचं दार वाजवावं हे त्यांना ठरवता येईना. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग त्यांनी ती लोंढ्यांसमोर धरली.

"तूच ठेव. कुणी गावाहून आलं तर उघडून ज्याची त्याला दे. जमा मात्र करू नको बाबा."

"जमा न्हाई, खिशात," लोंढे म्हणाले, आणि त्यांनी ती वर्दीच्या वरच्या खिशात ठेवून गुंडी लावली.

विजयादशमीला दीक्षाभूमीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, पुस्तकांचे ढीग, कुठे जेवणाच्या पंगती, कुठे पोरं हरवल्याच्या घोषणा. दोघी बहिणी हात धरून हळूहळू पुढे सरकत होत्या. सोजरबाई नेहमीची गोष्ट सांगत होत्या: वडिलांनी गाडीत त्यांना कसं खिडकीतून आत ढकललं, शेजारच्या बाईने भाकरी कशी दिली. या वेळी मधेच त्या अडल्या. बाईचं नाव आठवेना.

"सत्यशीला," प्रेमलाताईंनी आठवण करून दिली. जन्माआधीची गोष्ट, पण ऐकून ऐकून पाठ होती.

"हां, सत्यशीला," सोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी धाकटीचा हात घट्ट धरला. त्या क्षणी प्रेमलाताईंना वाटलं, आले हे फार बरं केलं. बाकी काय व्हायचं ते होवो.

घरी येऊन पाय सोडून बसल्यावर त्यांनी भीतभीत फोन उघडला. सोसायटीत हलकल्लोळ माजला असणार, खांबेट्यांनी फळ्यावर काय काय लिहिलं असणार! गटावर संदेशांची रांग होती.

"प्रेमलाताई घरात आहेत. सर्व ठीक. खांबेटे."

"प्रेमलाताई घरात आहेत. कुलूप ओढून पाहिले. शाबूत आहे. देवस्थळी."

"पीटी होम. लॉक ओके. चेतन."

प्रेमलाताईंनी ते दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं. सोजरबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"बाहेरून कुलूप, अन् तू आत?"

"हो."

"मंग ते लावलं कोणं?"

"कुणी विचारलं नाही."

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दसरा सरला तरी संदेश येतच राहिले. लोक कुलूप ओढून पाहत होते आणि ठरावाप्रमाणे प्रेमलाताई घरात होत्या. मग एका सकाळी खांबेट्यांचा जरा लांब संदेश आला. "पहाऱ्यावरील सदस्यांना काही दिवसांपासून चहा मिळालेला नाही. बाब गंभीर आहे. संबंधितांनी दखल घ्यावी." त्याखाली सुनीतीबाईंनी लिहिलं, "मलाही नाही." चेतनने लिहिलं, "सेम हिअर." आणखी कुणी लिहिलं, "पोहे तर केव्हापासूनच बंद आहेत. विचारायला संकोच वाटला."

प्रेमलाताई हे वाचून दाखवताना हसत होत्या, पण सोजरबाई या वेळी हसल्या नाहीत.

"चहा नाही, ते ध्यानात आलं त्यांच्या," त्या म्हणाल्या.

प्रेमलाताईंचं हसू ओसरलं. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. भांडण झालं असतं, फोनवर कुणी ओरडलं असतं, विश्वासघात केलात म्हणालं असतं, तरी त्यांना चाललं असतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि सोजरबाईंनीही आग्रह केला नाही.

आणखी एकदोन दिवसांनी दुपारी लोंढ्यांचा फोन आला.

"मावशी, चौकीतनं बोलतोय. खांबेटेसाहेब आल्यात. बरूबर निम्मी सोसायटी हाय. चोरीची तक्रार लिहून घ्या म्हणत्यात."

प्रेमलाताईंनी घाईने विचारलं, "किल्ल्या गेल्या का रे?"

"न्हाई न्हाई. किल्ल्या समद्या जागेवर. ओसवालबाई सकाळी गावाहून आल्या, तुमचं दार वाजवून वाजवून दमल्या. मग मी जाऊन कुलूप काढलं आन् त्यांची किल्ली त्यांना दिली."

"मग गेलं काय कुणाचं?"

"तुमी."

"मी?"

"तुमी गेलाय. ऐन पहाऱ्यातनं. म्या सांगितलं की मीच सोडलं मावशींना ठेसनावर, तर खांबेटेसाहेब म्हणत्यात, तुमचं तोंडी कसं धरायचं, ठरावात त्या घरात हायत. रीतसर चोरीच लिवा म्हणत्यात."

मागून खांबेट्यांचा आवाज येत होता: "पथकाच्या ताब्यातून गेल्यात त्या, ताब्यातून!"

प्रेमलाताईंना हसावं की रडावं कळेना. "लिहून घे मग बाबा. तेवढंच त्यांना बरं वाटेल. अडलंय कुठे?"

"अडलंय ना, मावशी. चोरी कधी झाली, तो दिवस टाकावा लागतो. शेवटचं तुमाला कुणी, कधी बघितलं, हेच मघापासनं इचारतोय."

फोन तसाच चालू राहिला. पलीकडे चौकीत सगळे एकदम बोलत होते. सुनीतीबाई म्हणाल्या, सोमवारी, मी स्वतः; मग म्हणाल्या, नाही, सोमवारी कुलूप पाहिलं. चेतन म्हणाला, दळणाच्या दिवशी, पण तो तर मागचा महिना. ओसवालबाई म्हणाली, मी निघाले तेव्हा होत्या ना, किल्ली दिली की मी; मग थांबून म्हणाली, की पोराच्या हाती पाठवली? लोंढ्यांनी खांबेट्यांना विचारलं, "साहेब, तुमी तर रोज दारात हुता. तुमी शेवटचं कधी बघितलं त्यांना?"

प्रेमलाताई ऐकू लागल्या. त्यांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. चौकीतला पंखा कुरकुरत होता, तेवढं ऐकू येत होतं.

"कोण बोलून राहिलं गं?" सोजरबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही," प्रेमलाताई म्हणाल्या.